घर सांभाळावे की पुरावा?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आणि त्यांत विजयदुर्गाचा समावेश झाला. तेव्हापासून वाघोटन खाडीच्या मुखाशी वसलेल्या या गावाविषयी जे काही बोलले जाते ते रस्ता, धक्का आणि पर्यटकांच्या निवासाची सोय यांविषयी असते. हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. परंतु किल्ल्याकडे पाठ फिरवून गावात, आणि तेथून रामेश्वर, गिर्ये, पडेलच्या वाटेला लागले, की या चर्चेत न येणारी एक गोष्ट नजरेस पडते. जांभ्या चिऱ्याच्या कौलारू घरांच्या शेजारी सिमेंट-काँक्रीटची सपाट छपराची घरे उभी राहिली आहेत. कोणाचे घर भविष्यनिर्वाह निधीतून, कोणाचे निवृत्तीच्या रकमेतून, तर कोणाचे आंब्याच्या दोन बऱ्या हंगामांतून उभे राहिलेले असते. पर्यटकांना दोन खोल्या देता याव्यात म्हणूनही काही घरांवर मजला चढतो. अशा घराचे छत दुसऱ्याच पावसाळ्यात पाझरू लागले किंवा भिंतीला तिरकस तडा गेला, तर घरधन्याने दाद मागायची कोठे, या साध्या प्रश्नाचे धड उत्तर मात्र सहजासहजी मिळत नाही.

शहरातला माणूस यावर चटकन म्हणेल की, ‘रेरा’ आहे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा खरोखरच घर घेणाऱ्याच्या बाजूने बराच पुढे गेलेला आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या सांगाड्यात, कारागिरीत, दर्जात किंवा सोयींत दोष आढळला, तर विकासकाने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दूर करावा, न केल्यास भरपाई द्यावी, असे त्याच्या चौदाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. भरपाई किती, हे ठरविण्यासाठी स्वतंत्र निर्णय अधिकारी आहे. भरपाईची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद आहे. पण हा कायदा विकत घेतलेल्या घरासाठी आहे. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही, किंवा ज्यात आठांपेक्षा अधिक सदनिका नाहीत, त्याला नोंदणीचेही बंधन नाही. आणि स्वतःच्या वडिलोपार्जित जागेत ठेकेदाराकडून घर बांधून घेणारा मनुष्य या कायद्याच्या लेखी ग्राहकच ठरत नाही. कारण त्याला कोणी घर विकलेलेच नसते. कणकवलीत किंवा कुडाळात इमारतीत सदनिका घेणाऱ्याला महारेराचा दरवाजा उघडा आहे. विजयदुर्गच्या बहुतेक घरांपर्यंत मात्र तो कायदा पोचतच नाही.

येथील घरबांधणीची रीत लक्षात घेतल्याखेरीज हा पेच नीट समजणार नाही. जुने चिरेबंदी घर निर्दोष होते अशातला भाग नाही. ते गळत असे, त्याचे वासे कुजत, भिंती ओल धरत. परंतु त्याचे दोष उघड्यावर असत आणि त्यांची दुरुस्ती वर्षाच्या रिवाजातच बसविलेली होती. आगोटीच्या आधी घर शाकारायचे, फुटकी कौले बदलायची, वाशाला आधार द्यायचा, हे काम गावातलाच माणूस करी. ज्याने घर बांधले तोच, किंवा त्याचा मुलगा, दरवर्षी त्या छपरावर चढत असे. त्यामुळे बांधणाऱ्याची जबाबदारी कोठे संपते हा प्रश्नच उद्भवत नसे. स्लॅबच्या घराने हा संबंध तोडला. शेवटचा हप्ता चुकता झाला की ठेकेदार दुसऱ्या कामावर जातो आणि दोष काँक्रीटच्या पोटात दडून राहतो.

तो दडलेला दोष समुद्रकाठी अधिक घातक का ठरतो, हेही पाहिले पाहिजे. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार किनाऱ्याच्या हवेला उघड्या असलेल्या लोखंडी सळईच्या काँक्रीटची प्रत किमान एम-३० असावी आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असावे. लाटांचे तुषार जेथे उडतात तेथे हे आकडे एम-३५ आणि ५० मिलिमीटर असे वाढतात. प्रत्यक्षात गावोगावी घमेल्याच्या मापाने ‘एकास दोन चार’ हे प्रमाण वापरले जाते. त्यातून फार तर एम-१५ च्या आसपासचे काँक्रीट तयार होते आणि मानकाला ते सुरक्षित, कोरड्या जागीही सळईच्या कामासाठी मान्य नाही. सळईखाली आवरणासाठी ठोकळ्याऐवजी खडीचा एखादा तुकडा सरकविला जातो. वाळू खाडीची असेल आणि गोड्या पाण्याने धुतलेली नसेल, तर मीठ आतच राहते. मग मिठाचा अंश सळईपर्यंत पोचतो, लोखंड गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि त्या दाबाने काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. ही सारी प्रक्रिया काही महिन्यांची नव्हे, काही वर्षांची आहे. ग्राहक कायद्याची मुदत दोन वर्षे, कराराच्या दिवाणी दाव्याची तीन, रेराची पाच. गंजाला या मुदती ठाऊक नसतात. छताच्या तळाशी पहिली तपकिरी रेघ उमटते तेव्हा कायद्याचे घड्याळ बहुधा बंद पडलेले असते, किंवा ते नेमके केव्हा सुरू झाले, यावरच वाद सुरू होतो.

आता असा वाद कोणत्या वळणाने जातो ते पाहावे. बोलणी ओट्यावर होतात. दर चौरस फुटावर ठरतो. माल कोणाचा, मजुरी कोणाची, हे तोंडी ठरते. वहीच्या पानावर हप्त्यांच्या रकमा आणि तारखा लिहिल्या जातात. नकाशा असला तर तो परवानगीपुरता असतो. परवानगी देणारा जागा, रस्ता आणि अंतरे पाहतो. काँक्रीटमध्ये काय पडले हे पाहण्यास कोणीही येत नाही. घरधनी मुंबईला, आणि देखरेख थकलेल्या आईवडिलांवर किंवा चुलतभावावर. पहिली गळती लागली की ठेकेदार येतो, वरून एखादा थर देऊन जातो. दुसऱ्या पावसात तो दूरध्वनी उचलत नाही. मग गावच्या बैठकीत शब्दाला शब्द लागतो आणि कोणीतरी पोलिसांत जाण्याचा सल्ला देतो. पोलीस ठाण्यात हा दिवाणी मामला असल्याचे सांगितले जाते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. वाईट काम म्हणजे फसवणूक नव्हे.

ठेकेदाराचीही बाजू आहे, आणि ती ऐकून न घेता या विषयावर लिहिणे अन्यायाचे होईल. घरधन्याने मध्येच खोली वाढविलेली असते. सिमेंट आणि सळई स्वतः, स्वस्त मिळाली तेथून, आणलेली असते. पाणीटंचाईच्या एप्रिल-मे महिन्यांत स्लॅबवर सात-आठ दिवसही पाणी मारले गेलेले नसते, आणि त्याची जबाबदारी धन्याच्या माणसांनी पत्करलेली असते. गळतीचे निमित्त करून अखेरचा हप्ता अडकवून ठेवण्याचा प्रकारही नवा नाही. त्या हप्त्यातच लहान ठेकेदाराची सारी मिळकत असते, कारण आधीचे पैसे मजुरांत आणि मालात गेलेले असतात. ज्याने फक्त मजुरीवर काम केले त्याला वाळूच्या मिठाबद्दल जबाबदार धरता येईल काय? आणि खारी वाळू आहे हे ओळखूनही ज्याने ती निमूटपणे वापरली, त्याला पूर्णतः मोकळे सोडता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात नाहीत. ती त्या छताखाली उभे राहूनच द्यावी लागतात.

दाद मागण्याच्या जागा कागदोपत्री कमी नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे मान्य केले आणि त्याच वर्षी ग्राहक कायद्यातही तसा शब्द आला. २०१९ च्या नव्या कायद्यात तो कायम आहे. त्यामुळे स्वतःच्या जागेत घर बांधून घेणाऱ्यालाही निष्काळजी ठेकेदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला शुल्क नाही. पन्नास लाखांपर्यंत ते हजार रुपयांच्या वर जात नाही. शिवाय तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो तेथेही तक्रार करता येते. डोंबिवलीच्या चाकरमान्याला त्यासाठी सिंधुदुर्गनगरीला खेपा घालण्याची गरज उरलेली नाही, आणि ही सवलत लहान नव्हे. तक्रार संगणकावरूनही दाखल होते. मात्र घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्या जात असतील, तर हा व्यवहार व्यापारी हेतूचा असून तक्रारदार ग्राहकच नाही, ही हरकत समोरचा वकील प्रथम घेतो. जागतिक वारशाच्या गावात ती दिवसेंदिवस अधिक वेळा घेतली जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आणखी एक अडचण सहसा उघड बोलली जात नाही. किनारपट्टीच्या नियमांत न बसणारे किंवा परवानगीपेक्षा अधिक बांधकाम ज्याने केले आहे, तो ठेकेदाराविरुद्ध कागद पुढे करायला धजत नाही. कारण त्या कागदावर त्याचेही पाप असते.

दिवाणी न्यायालयाचा मार्ग याहून लांबचा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला तेव्हा जिल्ह्याचे ठाणे जवळ आले. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे अपिलासाठी मुंबई गाठण्याचे कारणही राहिलेले नाही. अंतरे घटली, वर्षे मात्र घटली नाहीत. ग्राहक आयोगाने तीन महिन्यांत, आणि तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत निकाल द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. ती अपेक्षाच राहते, हे तेथे गेलेल्या कोणालाही विचारावे.

खरी कोंडी येथेच होते. निकाल लांबला तरी पाऊस लांबत नाही. छत गळत असताना घरधन्यापुढे दोनच मार्ग राहतात. पदरचे पैसे घालून दुरुस्ती करावी, तर ज्या दोषाबद्दल तक्रार आहे तो दोषच नाहीसा होतो. मग ठेकेदार म्हणतो की, असे काही नव्हतेच, किंवा जे बिघडले ते दुसऱ्याने हात लावल्यामुळे बिघडले. दुरुस्ती करू नये, तर निकाल लागेपर्यंत म्हाताऱ्या माणसांनी बादल्या आणि ताडपत्र्या घेऊन त्या खोलीत पावसाळे काढायचे. न्यायासाठी घर गळते ठेवावे लागणे, यापरती विपरीत गोष्ट नाही. यावर उपाय म्हणून तक्रारदार एखाद्या खाजगी वास्तुविशारदाचा अहवाल आणतो, ठेकेदार दुसऱ्याचा आणतो. दोन्ही अहवाल पैसे देऊन घेतलेले, दोन्ही परस्परविरुद्ध, आणि सळई कधीही हातात न धरलेल्या माणसाने त्यांतला एक निवडायचा. दिवाणी न्यायालय जागेची पाहणी करण्यासाठी आयुक्त नेमू शकते. पण दावा दाखल होऊन, समन्स बजावून, म्हणणे येऊन त्याची नेमणूक होईपर्यंत एक-दोन पावसाळे सरलेले असतात.

दोष कशामुळे झाला हे लवकर ठरविणे किती महत्त्वाचे असते, याचा धडा याच जिल्ह्याने घेतलेला आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे होण्यापूर्वी कोसळला. वारा कारणीभूत की काम, खारी हवा की जोडणी, यावर महाराष्ट्रभर वादंग झाले. गुन्हा दाखल झाला, चौकशी समिती नेमली गेली, जाणकार जागेवर आले. ते योग्यच होते. त्याआधी २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला तारिक गार्डन ही फारशी जुनी नसलेली पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे दगावली, तेव्हाही यंत्रणा धावली. कोसळल्यावर सरकार येते. नुसते गळत असेल, तडकत असेल, तर कोणीही येत नाही. आणि कोसळणाऱ्या बहुतेक इमारती त्याआधी बराच काळ गळत आणि तडकत असतात.

याबाबतीत महाराष्ट्राने एके काळी अधिक शहाणपणाचा विचार केला होता, हे आज क्वचितच कोणाच्या लक्षात असते. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यात बांधकामाच्या दोषाविषयी वाद झाल्यास तो अधीक्षक अभियंत्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याकडे सोपवावा आणि त्याचा निर्णय अंतिम मानावा, अशी तरतूद आहे. मुदत तीन वर्षांची. ती सदनिकांपुरतीच आहे आणि स्वतंत्र घराला लागू नाही, हे खरे. अंतिम निर्णय एकट्या अभियंत्याच्या हाती देणेही वादग्रस्त ठरू शकते. पण त्यामागची दृष्टी अचूक होती: काँक्रीटचा वाद आधी काँक्रीट जाणणाऱ्याने पाहावा, मग कायदा जाणणाऱ्याने. परदेशांतही अनुभव हेच सांगतो. जपानमध्ये २००० सालापासून अमलात असलेल्या कायद्याने नव्या घराच्या मुख्य सांगाड्याबद्दल आणि पावसाचे पाणी आत येऊ न देणाऱ्या भागांबद्दल दहा वर्षांची जबाबदारी बांधणाऱ्यावर टाकली आहे. गळतीचा असा स्वतंत्र उल्लेख कोकणातल्या माणसाला विशेष भावावा. दर्जा प्रमाणित केलेल्या किंवा विमा उतरविलेल्या घरांचे वाद तेथे वकील संघांनी चालविलेल्या मंडळांपुढे, दहा हजार येन एवढ्या अल्प शुल्कात नेता येतात. त्या मंडळांवर वकिलाबरोबर वास्तुविशारदही बसतो. फ्रान्सच्या दिवाणी संहितेतही बांधणाऱ्याची दहा वर्षांची जबाबदारी आहे.

तेवढा मोठा कायदा होण्याची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने न्यायालयात दाखल न झालेला वादही एका पक्षाच्या अर्जावरून, दुसऱ्यास म्हणणे मांडण्याची संधी देऊन, लोकन्यायालयापुढे ठेवता येतो. तेथे तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि त्यावर अपील नसते. त्याच कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी साहाय्य मिळते. कित्येक घरे आईच्या किंवा पत्नीच्या नावावर असताना ही तरतूद वापरात येऊ नये, हे आश्चर्य आहे. उणीव आहे ती एवढीच, की या लोकन्यायालयापुढे घराच्या दोषाविषयी निःपक्ष माणसाने लिहिलेला एकही कागद नसतो. तो तयार करविणे जिल्हा प्राधिकरणाच्या आवाक्यातले आहे. सार्वजनिक बांधकाम खाते आणि जिल्हा परिषद यांतून निवृत्त झालेले अभियंते या जिल्ह्यात राहतात. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. त्यांतून एक यादी करावी. अर्ज आला की पंधरा दिवसांत त्यांतील एकाने, दोन्ही पक्षांना बोलावून, घर पाहावे. आवरण मोजण्याचे यंत्र, काँक्रीटवर ठोकून ताकद अजमावण्याचा हातोडा, आणि गरज पडल्यास काँक्रीटचा नमुना काढून त्यातील मिठाची तपासणी, एवढ्याने बहुतेक घरांचे निदान होते. दोष काय, तो कशामुळे, दुरुस्तीला खर्च किती आणि त्यात कोणाचा वाटा किती, हे त्याने छायाचित्रांसह लिहून द्यावे. त्या दिवसापासून घरधनी दुरुस्ती करण्यास मोकळा झाला पाहिजे.

दोन आक्षेप येतील. पहिला, ठेकेदाराला बोलावले तरी तो येणार नाही. न येवो. त्याच्या गैरहजेरीत झालेली पाहणी ग्राहक आयोगापुढे पुरावा म्हणून ठेवता येईल, आणि पैसे देऊन आणलेल्या अहवालापेक्षा तिचे वजन अधिक असेल. ज्या ठेकेदाराचा हप्ता अडकला आहे तो तर आपण होऊन येईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लहान जिल्ह्यात अभियंते आणि ठेकेदार एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखत असतात. कित्येकांचे हितसंबंध जुने असतात. म्हणून देवगडच्या घराची पाहणी सावंतवाडीच्या किंवा कुडाळच्या माणसाने करावी आणि त्याचे शुल्क पक्षांनी परस्पर न देता प्राधिकरणाकडे भरावे. एवढ्याने सर्व संशय फिटेल असे नाही. पण आजच्या दोन विकत घेतलेल्या अहवालांपेक्षा तो निश्चितच कमी होईल. तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली तेव्हा बांधाचे आणि भाऊबंदकीचे पुष्कळ वाद गावात मिटविण्याची अपेक्षा होती. घराच्या दोषाचा वाद गावच्या समितीला पेलणारा नाही, कारण तेथे सद्भाव असला तरी मोजमाप नसते.

पंधरा दिवसांत कोणी घरापर्यंत पोचणार कसे, असेही विचारले जाईल. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने हा किनारा झोडपला तेव्हा महसुली यंत्रणा घरोघर पंचनामे करीत फिरली होती. त्या पंचनाम्यांत नुकसान किती याची नोंद होती. कौले वाऱ्याने उडाली की वासाच नीट बसविलेला नव्हता, याची नव्हती, आणि मदतवाटपासाठी ती आवश्यकही नव्हती. एवढे दिसून आले, की माणसे पोचू शकतात.

घरधन्यांनाही स्वतःपुरते काही करता येईल. दसरा-दिवाळीनंतर या पट्ट्यात नव्या घरांचे चौथरे पडू लागतात आणि मेअखेर स्लॅब टाकून होतात. शंभर रुपयांच्या खरेदीचीही पावती मागणारा माणूस वीस-पंचवीस लाखांचे घर वहीच्या पानावर बांधून घेतो. माल कोणाचा, काँक्रीटची प्रत कोणती, आवरण किती, पाणी कोण मारणार, गळतीची हमी किती पावसाळ्यांची, आणि वाद झाल्यास पाहणी कोणाची मान्य, एवढ्या सहा ओळी दोघांच्या सह्यांनिशी लिहून काढायला अर्धा तास पुरतो. स्लॅब टाकण्यापूर्वी बांधलेल्या सळयांची छायाचित्रे, फूटपट्टी धरून, आता मोबाइलवर कोणालाही घेता येतात. काँक्रीट ओतल्यावर ती सळई पुन्हा दिसते ती गंजल्यावरच.